पालवी फुटते आणि फांदी मरते, बी उगवतं आणि रोप आडवं होतं

बागकामाच्या वर्गात, विशेषतः पावसाळी बॅचला, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक तक्रार ठरलेली असते. जास्वंदाची फांदी लावली, डोळे फुगले, कोवळी पालवी आली, घरात सगळ्यांना दाखवून झाली, आणि मग ती पालवी मलूल झाली ती झालीच. उपटून पाहिलं तर खाली काळं, बुळबुळीत टोक, मुळीचा पत्ता नाही. बियांच्या ट्रेची कहाणीही याच वळणाची: टोमॅटो छान उगवला होता, सकाळी पाहिलं तर निम्मी रोपं आडवी.

दोन्हीचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. मुळं नसलेल्या फांदीला वर दमट हवा हवी असते आणि खाली जेमतेम ओली, हवा खेळणारी माती. घरी आपण नेमकं उलटं देतो, वर गॅलरीतला सुका वारा आणि खाली चिखल. फांदी मान टाकताना दिसली की हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो, आणि तिथेच ती संपते. मुळं फुटण्याची पावडर, मध, कोरफड, अमावास्या-पौर्णिमा या सगळ्यांचा नंबर त्यानंतर.

पालवी म्हणजे मुळी नव्हे

कापलेल्या फांदीच्या आत पिष्टाचा आणि पाण्याचा साठा असतो. डोळे फुटायला तेवढा पुरतो, त्यासाठी मुळी लागत नाही. शेवग्याची तोडलेली फांदी कुंपणाला टेकवून ठेवली तरी तिला पालवी येते, हे गावाकडे सगळ्यांनी पाहिलं असेल. मुळीला मात्र वेळ लागतो. आधी कापलेल्या टोकावर जखम भरून येते, पांढुरकी खरखरीत गाठ धरते आणि त्यानंतर मुळ्या निघतात. देशी लाल जास्वंदाला पावसाळ्यात साधारण चार ते सहा आठवडे, बोगनवेलीला त्याहून जास्त. पालवी येते दहाव्या-बाराव्या दिवशी. मधल्या काळात पानं पाणी उडवत राहतात आणि खालून भरपाई करणारं कोणी नसतं.

म्हणून पालवी दिसल्यावर कुंडी उन्हात सरकवायची नाही, पाणी वाढवायचं नाही, खत तर मुळीच नाही. मुळी फुटली का ते पाहायला फांदी ओढायचीही नाही. नुकत्या निघालेल्या मुळ्या केसाएवढ्या नाजूक असतात, एका झटक्यात तुटतात. त्यापेक्षा कोल्ड्रिंकचा पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास घ्या, बुडाला तीन-चार भोकं पाडा, त्यात फांदी लावा आणि तो ग्लास एखाद्या रंगीत डब्यात बसवा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून कडेने पाहायचं. डबा हवाच, कारण मुळ्या उजेडाकडे यायला नाखूश असतात आणि उजेडात ग्लासला आतून शेवाळ धरतं. ग्लास नसेल तर पानांवरून अंदाज घ्या. पहिली दोन पानं तेवढीच राहिली तर साठ्यावर काम चाललंय. नंतरची पानं आधीच्यांपेक्षा मोठी येत असतील आणि दोन पेरांमधलं (पान फुटतं त्या दोन गाठींमधलं) अंतर वाढत असेल, तर खाली मुळी लागली आहे.

मेलेली फांदी टाकण्याआधी नीट बघा

वर्गात मी मेलेल्या फांद्या आणायला सांगते, जिवंत नंतर. कुठून मेली यावरून कारण जवळपास नक्की सांगता येतं.

खालून काळी, मऊ, साल बोटाने निघतेय, वास येतोय, पण शेंडा अजून हिरवट आहे: ही कुजली. पाणी जास्त किंवा माती गच्च.

शेंड्याकडून तपकिरी, कडक, आणि खालचं टोक अजून ताजं: ही सुकली. हवा कोरडी, वारा जास्त किंवा पानं जास्त ठेवलेली.

मातीच्या पातळीवर तेवढं काळं कडं आणि वरखाली ठीक: बहुधा मिश्रणात न कुजलेलं शेणखत होतं, किंवा वरचा थर सतत ओला राहत होता.

सगळं हिरवं, खाली गाठही आलीय, पण मुळी नाही: ही मेलेलीच नाही, परत लावा. दीड-दोन महिने उलटले असतील तर एकदा बघा, फांदी उलटी तर लावली नाही ना. हसू नका, पानं काढून टाकलेल्या गुलाबाच्या काडीत वर-खाली ओळखणं सोपं नसतं. कापतानाच खालचा काप पेराच्या लगेच खाली सरळ आणि वरचा काप डोळ्याच्या थोडा वर तिरका घ्यायची सवय लावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

कुजण्याचा इलाज: माती आणि कुंडीची उंची

घरची काळी माती फांदी रुजवायला वापरू नका. कुंड्यांसाठी ती चांगली असेल, पण ओली झाल्यावर तिच्यात हवेला जागा उरत नाही. फांदीच्या खालच्या टोकाला प्राणवायू मिळाला नाही तर जखम भरत नाही, आणि तेवढ्या वेळात बुरशी काम उरकते. साधं मिश्रण म्हणजे निम्मं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि निम्मी जाड वाळू. वाळू मिळत नसेल तर बांधकामावरची कच धुऊन, तिची बारीक पूड काढून टाकून वापरा. परलाईट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके, फुगवलेले खडे) परवडत असेल तर उत्तमच. गांडूळखत, शेणखत, नीमपेंड यांपैकी काहीही या टप्प्यावर घालू नका. मुळी नसताना खत घेणार कोण? बुरशी तेवढी घेते.

कोकोपीटच्या विटेची एक भानगड आहे. नारळाच्या सोडणात क्षार असतात आणि न धुतलेल्या विटेत ते तसेच राहतात. वीट भिजवून फुगली की दोन-तीनदा पाणी बदलून पिळून काढा. न धुता वापरलेल्या कोकोपीटमध्ये कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि आपण उगाच औषध शोधत फिरतो.

आता कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालण्याची पद्धत. हे सांगितल्यावर वर्गात दरवेळी वाद होतो, पण निचऱ्यासाठी त्याचा उपयोग होत नाही. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, टपकणं थांबू द्या. मग तोच स्पंज उभा धरा. पुन्हा पाणी टपकायला लागतं, कारण खालच्या काही सेंटिमीटरमध्येच पाणी अडकून राहतं आणि उभ्या स्पंजाचा तेवढा भाग लहान असतो. कुंडीतही बारीक मातीतून जाड खड्यांत पाणी सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वरच्या मातीत अडून बसतं. खडे घातले की हा चिंब थर वर सरकतो, फांदीच्या टोकाच्या आणखी जवळ. भोकावर जाळीचा किंवा खापराचा एक तुकडा माती वाहू नये एवढ्यासाठी ठेवा, बस. पसरट भांड्यापेक्षा उंच, अरुंद पिशवी किंवा ग्लास निवडा. फांदीचं टोक तळाला टेकू देऊ नका, खाली निदान चार बोटं मिश्रण असू दे.

पाणी किती? लावताना एकदा भरपूर, भोकातून निथळेपर्यंत. त्यानंतर बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच. पिशवीच्या आत झाकलेली फांदी असेल तर आठ-दहा दिवस पाणी लागतच नाही. मातीवर हिरवी साय आली किंवा चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या उडायला लागल्या तर समजा, तुमचं पाणी जास्त होतंय. त्या माश्यांच्या अळ्या ओल्या कोकोपीटमध्ये वाढतात आणि कोवळ्या मुळ्याही खातात. वरचा थर सुकू दिला की त्या कमी होतात.

सुकण्याचा इलाज: वरची हवा

पानं काढा. खालची सगळी, वर दोनच ठेवा, आणि ती मोठी असतील तर निम्मी कापा. कळी दिसली तर खुडा. मग वरून पारदर्शक पिशवी, किंवा तळ कापलेली पाण्याची बाटली उपडी घाला. प्लास्टिकच्या आत थेंब धरले पाहिजेत. झाकलेली कुंडी थेट उन्हात अजिबात नको, आत भट्टी होते. उत्तरेची किंवा पूर्वेची गॅलरी, जिथे पुस्तक वाचता येईल इतका उजेड आहे पण ऊन पडत नाही, ती जागा योग्य. रोज एकदा मिनिटभर झाकण उघडा.

कोकणात आणि मुंबईत जून ते ऑगस्टमध्ये झाकणाशिवायही जमून जातं, हवाच तशी असते. तिथे उलट पावसाची थेट झड कुंडीत जाऊ नये याची काळजी. पुण्या-नाशकात जुलै-ऑगस्ट बरे, तरी झाकलेलं चांगलं. विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हिरव्या फांद्या लावायच्या भानगडीत पडू नका. तो उन्हाळा दुसऱ्या कामासाठी सोन्यासारखा आहे, ते पुढे येतंच.

कोणती फांदी, कोणत्या झाडाची

जास्वंद, मोगरा, अडुळसा, कण्हेर, तगर यांची अर्धवट पिकलेली फांदी घ्यायची: पेन्सिलीएवढी जाड, वाकवली तर वाकते पण लिबलिबत नाही, साल हिरवट-तपकिरी. लांबी १५ ते २० सेंटिमीटर, निदान तीन-चार पेरं. शेंड्याकडची कोवळी फांदी लवकर कुजते आणि बुडाजवळची जुनाट फांदी फुटायला आळस करते. कण्हेरीचा चीक विषारी असतो, हात धुवा. मोगऱ्याला मला फांदीपेक्षा दाब कलम आवडतं. जमिनीलगतची फांदी वाकवून एक पेर मातीत दाबायचं, वर दगड ठेवायचा आणि मुळ्या धरल्यावर कापून वेगळं करायचं. मूळ झाडाला जोडलेली असल्यामुळे ती सुकायचा प्रश्नच नाही.

चाफ्याला (देवचाफ्याला) मात्र सगळे नियम उलटे. त्याची फांदी कापून लगेच लावली की कुजलीच समजा. हातभर फांदी घ्या, पानं काढा, चीक निथळू द्या आणि सावलीत आठ-पंधरा दिवस उभी ठेवा, कापलेलं टोक कडक कोरडं होईपर्यंत. मग जवळजवळ कोरड्या वाळूमिश्रित मातीत लावा आणि पानं दिसेपर्यंत पाणी फारच जपून. मुसळधार पावसात लावण्यापेक्षा फेब्रुवारी ते एप्रिल, फांद्या निष्पर्ण असताना लावलेला चाफा हमखास लागतो. प्लास्टिकचं झाकण इथे नको. निवडुंगाच्या आणि इतर रसाळ झाडांच्या तुकड्यांनाही हेच लागू.

मनी प्लांटला पेर हवंच. पेरावर जी तपकिरी गाठ दिसते तिथूनच मुळी निघते. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर ते कधीकधी महिनोन्महिने हिरवं राहतं, पण त्यातून वेल होत नाही.

गुलाबावर सगळ्यांचा जीव, आणि सगळ्यात जास्त निराशाही तिथेच. देशी गावठी गुलाब फांदीने चांगला येतो. नर्सरीतून आणलेले मोठ्या फुलांचे संकरित गुलाब बहुतेक डोळा भरलेले असतात, म्हणजे खाली जंगली खुंट आणि वर हवी ती जात. त्यांची फांदी लावून मुळ्या फुटल्या तरी झाड बऱ्याचदा किरकोळ राहतं. हायब्रीड जास्वंदीही अशाच कलम केलेल्या असू शकतात. शेजारणीची देशी जास्वंद दहातली आठ लागली आणि तुमच्या दुहेरी पिवळ्या जास्वंदीची एकही नाही, यात तुमच्या हाताचा दोष नाही.

आंब्याची फांदी मातीत रोवून काही उपयोग नाही. म्हणूनच कोकणात कोय कलमं बांधतात, नुकत्या उगवलेल्या कोयीच्या रोपावर हापूसची काडी. डाळिंबाची रोपं आपल्याकडे मुख्यतः गुटी कलमाने करतात, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिची थोडी साल काढून, तिथे ओलं शेवाळ बांधून मुळ्या आणतात. कढीपत्त्याची फांदी लावण्यापेक्षा मुळातून फुटलेला फुटवा मुळीसकट काढून लावावा.

पावडर, मध आणि बटाटा

मुळं फुटण्याच्या पावडरीत बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं, थोडक्यात आयबीए. अवघड झाडांना तिचा उपयोग होतो, जास्वंदाला नसली तरी चालतं. फांदीचं टोक थेट डबीत बुडवू नका, ओल लागून सगळी पावडर खराब होते. चिमूटभर कागदावर घ्या आणि जास्तीची झटकून टाका. जास्त लावली म्हणजे जास्त मुळ्या हा हिशोब नाही, मात्रा वाढली तर मुळी अडते. जुनी, उन्हात पडून राहिलेली डबी म्हणजे नुसता शंखजिऱ्याचा भुगा.

मधाने मुळी फुटत नाही. तो थोडाफार जंतू रोखतो, एवढंच. कोरफडीचा गर लावून नुकसान झालेलं पाहिलं नाही, फायदाही डोळ्यात भरला नाही. गुलाबाची काडी बटाट्यात खुपसून लावायचे व्हिडिओ मात्र कृपा करून विसरा. बटाटा मातीत कुजतो आणि काडीलाही सोबत घेऊन जातो. झालंच तर बटाट्याचं झाड येईल.

या सगळ्यापेक्षा कात्रीला धार लावणं आणि ती स्पिरिटने पुसणं जास्त कामाचं. चेचलेलं टोक कुजतं.

आता बियांचं: आडवी झालेली रोपं

रोप मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन, पाणी सुटल्यासारखं दिसून कोलमडतं. शेतकरी याला रोप कोलमडणं किंवा मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरश्या यामागे असतात. आडवं झालेलं रोप उठत नाही. त्याच्यावर औषध मारत बसू नका, ते आणि त्याच्या भोवतीची मूठभर माती काढून टाका आणि उरलेल्यांचं बघा.

उरलेल्यांसाठी वरून पाणी बंद. ट्रे परातीत ठेवून खालून पाणी पिऊ द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटांनी परात रिकामी करायची. पाणी सकाळी, संध्याकाळी नाही. दाट पेरलेलं विरळ करायचं, उपटून नाही तर कात्रीने कापून, म्हणजे शेजारच्याची मुळी हलत नाही. वारा खेळेल असं ठेवायचं. बुरशीनाशक वापरायचंच असेल तर कॅप्टनसारखं, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेने आणि हातमोजे घालून.

खरा इलाज पेरणीच्या आधी असतो. नाशिककडे कांद्याचं रोप टाकताना गादीवाफे करतात, जमिनीपासून वीतभर उंच. पाणी मुळाशी साचू नये आणि रोप मरू नये, हाच त्यातला हेतू. आपला ट्रे म्हणजे छोटा गादीवाफाच, फक्त त्याची भोकं बुजलेली नसावीत आणि तो बशीत पाण्यावर तरंगत नसावा. बियांना ट्रायकोडर्मा चोळतात, शेतात किलोला ४ ते ५ ग्रॅम. घरच्या पाकिटाला चिमूटभर पुरे. ट्रायकोडर्मा जिवंत बुरशी आहे, तिच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक एकत्र वापरू नका.

आणि तो उन्हाळा, मातीतल्या या बुरश्या मारायला. एप्रिल-मेमध्ये जुनी माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून गच्चीवर चार ते सहा आठवडे तापू द्या. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच, त्याखाली माती जास्त तापते. नागपूर-अकोल्याच्या उन्हात यासारखी फुकटची सोय नाही. घाई असेल तर ट्रेपुरत्या मिश्रणावर उकळतं पाणी ओतून, निथळून, गार करून वापरा.

रोपं लांबट, पांढुरकी होऊन खिडकीकडे झुकून पडत असतील तर ती मर नाही. उजेड कमी आहे. उगवण दिसल्या दिवशीच ट्रे उजेडात हवा. आणखी दोन दिवस आत ठेवला की ती लांबी परत कमी होत नाही. टोमॅटो असेल तर पुनर्लागवडीच्या वेळी खोल लावून निभावता येतं, कारण त्याच्या खोडाला मुळ्या फुटतात.

उगवलंच नाही तर

मिरचीला २५ ते ३० अंश सेल्सिअस हवं. डिसेंबरात पुण्याच्या रात्री १० अंशांवर उतरतात, तेव्हा मिरचीचं बी तीन-तीन आठवडे नुसतं पडून राहतं आणि तोवर आपण पाणी घालून घालून ते कुजवतो. फ्रिजच्या मागे किंवा राउटरवर ठेवलेला ट्रे लवकर उगवतो. दुसरं म्हणजे, प्रमाणित बियाण्यालाही शंभर टक्के उगवणीची अट नाही. मिरचीला किमान ६० टक्के, टोमॅटोला ७० टक्के. दहा मिरच्यांतल्या चार उगवल्या नाहीत तर पाकीट खोटं होतं असं नाही. पाकिटावरची चाचणीची तारीख मात्र बघा. कांद्याचं बी तर वर्षभरात जीव सोडतं.

धणे हलके रगडून दोन फाकी करा, अख्खा दाणा म्हणजे दोन बिया असतात. कारल्याचं बी रात्रभर कोमट पाण्यात, त्याहून जास्त वेळ नाही, बी गुदमरतं. बहाव्याच्या बियांना कितीही भिजवलं तरी पाणी आत शिरत नाही, आधी एका कडेला पॉलिश पेपरने घासून कवच उघडावं लागतं. पपईच्या बियांवरची चिकट पिशवी उगवण अडवते, राखेत चोळून ती काढा आणि बिया सावलीत सुकवा. तुळशीचं बी पुरू नका, ओल्या मातीवर भुरभुरवून हाताने दाबा.

आंबा, फणस, जांभूळ, कढीपत्ता यांच्या बिया सुकवून डबीत ठेवणाऱ्यांना काहीच उगवत नाही. या बिया वाळल्या की मरतात. गर धुऊन त्याच आठवड्यात पेरा.

मुळ्या फुटल्यावर मेली

हा प्रकार सगळ्यात जास्त जीवाला लागतो. मुळ्या आल्या म्हणून आनंदाने झाकण काढलं, मोठ्या कुंडीत भरपूर खत घालून लावली, गच्चीवर उन्हात ठेवली, चार दिवसांत खेळ संपला. दमट हवेत वाढलेली पानं पाणी राखायला शिकलेली नसतात. झाकण आठवडाभरात हळूहळू काढा, पहिल्या दिवशी संध्याकाळी तासभर, मग रात्रभर, मग दिवसाही. कुंडी आधीच्या ग्लासाच्या दुप्पट, त्याहून मोठी नाही. मोठ्या कुंडीत चार मुळ्या सगळं पाणी पिऊ शकत नाहीत आणि पुन्हा तोच चिखल. बोगनवेलीच्या मुळ्या अतिशय ठिसूळ, तिला ग्लास कापून मातीच्या गड्डीसकटच हलवा. पाण्यात मुळ्या फुटलेला मनी प्लांट मातीत नेताना मुळ्या दोन-तीन इंच असतानाच न्या आणि पहिले दहा-बारा दिवस माती नेहमीपेक्षा ओली ठेवा, मग रोजच्या पाण्यावर आणा. खत महिन्याने, तेही अर्ध्या मात्रेने.